सातारा-सांगलीतली लहान मुलं आणि कुपोषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षांखालच्या मुलांचे आई-वडील, घरातली आजी-आजोबा मंडळी, अंगणवाडीताई, आशाताई, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि साखर कारखान्याच्या शेतकी विभागातले लोक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गृहभेटीत, ग्रामसभेत, लसीकरणाच्या दिवशी जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं तेच इथे घेतलंय. काय खावं याचे तक्ते प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर असतात. मूल कुपोषित होण्यामागे घरातली, कामाची आणि पैशाची जी कारणं असतात त्यांच्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं, म्हणून भर त्यांच्यावर आहे.

आपल्याकडे ऊस आहे, द्राक्षं आहेत, हळद आहे, दूध आहे. इथे कुठलं आलंय कुपोषण?

कुपोषण म्हटलं की मेळघाट, नंदुरबार, जव्हार-मोखाडा एवढीच नावं डोळ्यांसमोर येतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली, २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने फार बारीक होती आणि ३६.१ टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी होतं. राज्यात आदिवासी लोकसंख्या दहा टक्क्यांच्या आत आहे. मग हे आकडे एकट्या आदिवासी पट्ट्यातून येतीलच कसे? ते तुमच्या-आमच्या गावांतून आलेले आहेत.

आपल्याकडे फरक असा की हे कुपोषण एका जागी गोळा झालेलं दिसत नाही. वाळव्यात ऊसतोडीच्या फडाशेजारच्या कोपीत (झोपडीत) एक मूल, कुपवाड एमआयडीसीजवळच्या भाड्याच्या खोलीत एक, पाटणच्या वरच्या वाडीत दोन, वीटभट्टीवर तीन. गावाच्या यादीत ही मुलं नसतातच, असली तर सरासरीत बुडून जातात. गावात धान्य आहे, दूध आहे. मुलाच्या आईकडे वेळ नाही, हातात पैसा नाही आणि घरात तिचा शब्द चालत नाही. या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक कुपोषित मुलांच्या घरी याच तीन गोष्टी सापडतात. पुढच्या उत्तरांत त्या वारंवार येतील.

मूल बारीक आहे म्हणजे कुपोषितच का?

नाही. काही मुलं चणीनेच लहान असतात. म्हणून अंदाजावर जाऊ नका, मोजून घ्या. अंगणवाडीत दर महिन्याला वजन आणि उंची घेतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा दंडघेर रंगीत पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम, म्हणजे मॅम. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठा दाबून उचलल्यावर खड्डा राहत असेल, तर दंडघेर कितीही येऊ दे, थेट आरोग्य केंद्र गाठा. सुजेमुळे असं मूल गुटगुटीत दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात.

खुंटलेली उंची डोळ्यांना सहसा कळतच नाही, कारण शेजारची मुलंही तेवढीच असतात. गर्भारपणापासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण हजार दिवस गेले की ती तूट भरून काढणं फार अवघड होतं.

गरिबी हेच खरं कारण ना? बाकी सगळं त्यातच आलं.

गरिबी मोठं कारण आहेच. पण एकाच वस्तीत, एवढीच मजुरी असलेल्या दोन घरांत एक मूल ठणठणीत आणि दुसरं सॅम, असं दिसतं. म्हणून पैसा किती येतो याच्या जोडीला तो कधी येतो, कोणाच्या हातात येतो आणि आल्याआल्या कुठे जातो हेही पाहावं लागतं.

मजुरी रोजची असेल तर घरात किराणाही रोजचाच येतो: पाच रुपयांचं तेल, दहाची डाळ. पावसात चार दिवस काम बंद पडलं की सगळ्यात आधी डाळ जाते, मग भाजी. भाकरी आणि चहा शेवटपर्यंत टिकतात. मोठ्या माणसाचं पोट त्यावर भरल्यासारखं होतं, पण दीड वर्षाच्या मुलाच्या वाढीला त्यातून काहीच मिळत नाही.

दुसरं म्हणजे हप्ता. गटकर्जाचा आठवड्याचा हप्ता बाईच्या नावावर असतो. ठरलेल्या दिवशी तो भरावाच लागतो, नाहीतर गटातल्या बाकीच्या बायका दारात येतात. त्यामुळे बाईची मजुरी दिसायला तिची, पण ती हातात पडायच्या आधीच वाटलेली असते. त्यात नवऱ्याची दारू असेल तर हिशोबच संपला.

आणि दवाखाना. जुलाब झाले, ताप आला की खाजगीत सुई, सलाईन आणि वर शक्तीचं टॉनिक. एका टॉनिकच्या बाटलीच्या पैशांत मुलाला महिनाभर दिवसाआड अंडं मिळालं असतं. हे आईला समजत नाही असं मुळीच नाही. पण डॉक्टरांनी लिहून दिलं आणि आपण घेतलं नाही, हे घरात सांगायची तिची हिंमत होत नाही.

आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. मग आमच्या नातवाचं वजन कमी कसं?

गोठ्यातलं दूध घरात किती राहतं ते बघा. सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीला जाते, दहा दिवसांनी बिल येतं, त्यातून पेंड वजा होते, सोसायटीचा हप्ता वजा होतो. फॅट लागावी म्हणून सगळं दूध काट्यावर जातं आणि चहापुरतं पावशेर मागे राहतं. त्या चहात बिस्किट बुडवून बाळाला देतात आणि बाळ दूध पितं असं सगळ्यांना वाटतं.

यात कोणाचं वाईट मन नाही. दूध हे घरात नियमित येणारं एकमेव रोख उत्पन्न असतं. पण वर्षावरच्या मुलाची वाटी किटली भरण्याआधी बाजूला काढायची एवढा एक नियम घरातल्या मोठ्या माणसाने घातला तरी फरक पडतो. तो मोठ्या माणसानेच घालावा लागतो, सुनेच्या सांगण्याने किटली थांबत नाही. (एक वर्षाच्या आत आईचं दूधच मुख्य. पहिल्या सहा महिन्यांत तर पाणीसुद्धा नको, म्हशीचं दूध लांबच राहिलं.)

ऊसतोड मजुरांच्या मुलांना एवढा धोका का असतो?

या पानावर एकच उत्तर नीट वाचायचं ठरवलंत तर हे वाचा.

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. आपल्याच जत, आटपाडी, माण, खटावमधूनही कृष्णाकाठाला आणि पार कर्नाटकात टोळ्या जातात. मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. काम टनावर, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. म्हणजे मूल आजारी आहे म्हणून आईने दिवस मोडला तर त्या दिवसाची कमाई जाते, वर दंड बसतो आणि उचल फिटायचीच राहते. न फिटलेली उचल पुढच्या हंगामाला डोक्यावर येते.

आता त्या आईचा दिवस बघा. पहाटे तीन-चारला उठून चूल, दिवसभराच्या भाकरी थापून फडक्यात बांधायच्या. उजाडायच्या आत फडावर. तान्हं बाळ बैलगाडीच्या नाहीतर ट्रॉलीच्या सावलीत, साडीच्या झोळीत. सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, जिची शाळा गावाकडे सुटलेली. बाळ रडलं की बहीण झोका देते. आई मोळी बांधून येईपर्यंत ते रडून झोपलेलं असतं. छातीत दूध असतं, पण पाजायला बसायचं कधी? दुपारी जे खायला मिळतं ती पहाटेची भाकरी आणि तिखट कोरड्यास, दात न आलेल्या बाळाला त्यातलं काय चालणार? संध्याकाळी कोपीवर आलं की वाढे (उसाचे शेंडे) विकायचे, पाणी आणायचं, पुन्हा चूल. रात्री ट्रक लागला तर भरायला पुन्हा उभं राहायचं.

सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा मऊ, ताजं खाणं लागतं. वर सांगितलेल्या दिवसात ते कुठे बसतं, सांगा. या आईला आहाराचं ज्ञान देऊन काही होणार नाही. तिला दिवसातले दोन तास मोकळे मिळाले पाहिजेत, नाहीतर फडाजवळ मूल सांभाळणारं कोणीतरी पाहिजे.

त्यात कोपी उसाच्या पाचटाची नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची. पाणी कॅनॉलचं किंवा शेतातल्या विहिरीचं. आडोसा म्हणजे उभा ऊस. हंगामात बाळंतपण झालं तर आठ-पंधरा दिवसांत बाई पुन्हा कामावर. लसीकरणाचं कार्ड गावाकडच्या पेटीत. गाव सुटलं की तिकडच्या यादीतून नाव गेलं, आणि इकडच्या यादीत ते चढलेलंच नाही.

बाहेरगावच्या मुलांना इथल्या अंगणवाडीतून आहार मिळतो का? ती आमच्या गावची नाहीत.

मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. अंगणवाडीचा लाभ मूल जिथे राहतंय तिथे द्यायचा असतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत ताजं शिजवलेलं. गरोदर आणि स्तनदा मातांनाही आहार मिळतो. पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये स्थलांतरित लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीत घेता येतो. आई-बापांनी निघताना गावच्या ताईंना सांगून निघावं, इथे पोचल्यावर इथल्या ताईंना भेटावं. रेशनही दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानात घेता येतं. कार्ड आधारला जोडलेलं असलं म्हणजे झालं.

व्यवहारात अडचण अंतराची येते. फडावरची कोपी अंगणवाडीपासून दोन-तीन किलोमीटरवर, आणि अंगणवाडी उघडी असते तेव्हा आई फडात. त्यामुळे ताईंनीच आठवड्यातून एकदा संध्याकाळी कोप्यांवर जाणं हाच उपाय उरतो. ज्या ताई हे करतात त्या आपल्या वेळात आणि पदरमोड करून करतात. गावाने याची जाण ठेवावी.

माण, खटाव, जत, आटपाडी या भागात वेगळं काय?

दुष्काळाच्या वर्षी पाण्याचे हंडे आणि चारा यातच बाईचा दिवस जातो. टेंभू, म्हैसाळ, उरमोडीचं पाणी बऱ्याच शिवारांत पोचलं आणि दिवस पालटले, हे खरंच. पण जिथे डाळिंब-द्राक्षं आली तिथल्या रानात पूर्वी बाजरीच्या जोडीने असणारा हुलगा, मटकी, तूर मागे पडली. घरची कडधान्यं विकतची झाली, आणि विकतची वस्तू तंगीत पहिली कमी होते.

मेंढपाळांची गोष्ट आणखी वेगळी. पाऊसकाळ संपला की वाडा, म्हणजे मेंढरांसकट कुटुंबांचा तांडा, निघतो, घोड्यावर संसार लादून नदीकाठाकडे नाहीतर घाट उतरून कोकणाकडे. शेतात मेंढरं बसवण्याच्या बदल्यात धान्य मिळतं. मुक्काम दोन-चार दिवसांचा, त्यामुळे वजन कोण करणार, लस कोण देणार? निदान यात्रेला किंवा पावसाळ्यात वाडा गावाकडे येतो तेव्हा त्या मुलांची तपासणी ठरवून करावी.

आणि डोंगरी भागात, पाटण-जावळीकडे?

वाडी वर, रस्ता खाली. पावसाळ्यात ओढा आडवा आला की दवाखाना तुटतो. पुरुष मुंबईला माथाडी किंवा हॉटेलात, घरी म्हातारी माणसं, सून आणि मुलं. पैसे येतात तेव्हा येतात. कातकरी वस्त्यांची अवस्था सगळ्यात बिकट आहे: जमीन नाही, जातीचा दाखला नाही, वर्षातले सहा महिने भट्टीवर. सातारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे आदिवासी जिल्ह्यांतल्या काही जादा योजना इथे लागू नाहीत. मूल तेवढंच उपाशी असतं, कागदावर मात्र ते सधन जिल्ह्यातलं ठरतं.

मुलीचं लग्न लवकर केलं तर त्याचा नातवंडाच्या वजनाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं अंग अजून वाढत असतं. त्यात गर्भ राहिला की आई आणि बाळ एकाच ताटातलं खातात. बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याची शक्यता वाढते, आणि अशा बाळाला पुढे कुपोषणाचा धोका जास्त. सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी आहे. त्या भीतीला नुसता कायदा दाखवून चालत नाही. मुलीला राहायला वसतिगृह मिळालं तर लग्न दोन-चार वर्षं पुढे जातं.

लवकर लग्नाचा दुसरा परिणाम घरातल्या स्थानाचा. एवढ्या लहान सुनेला मुलाला काय भरवायचं हे विचारलं जात नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो.

मुलगा-मुलगी भेद आता कोण करतं?

२०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ (नकोशी) नाव ठेवलेल्या २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या मुलींपैकी काही आता आई होण्याच्या वयात आहेत.

ताटात उघड भेद करणारी घरं कमी झाली असतील. पण मुलगी झाली की मुलासाठी लगेच पुढचा चान्स घेतला जातो. मुलगी आठ-नऊ महिन्यांची असताना आईला पुन्हा दिवस जातात, अंगावरचं तोडतात, आणि नेमक्या वाढीच्या वयात तिचं दूध बंद होतं. धाकटं बाळही अशक्त आईच्या पोटी येतं. एक बाळंतपण झाल्यावर पुढचे दिवस राहायला किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, ते दोन्ही मुलांसाठी.

सासूबाई म्हणतात, “आमची पाच पोरं अशीच वाढली, काय झालं त्यांना?”

त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना बाळासकट वजनाच्या दिवशी अंगणवाडीत घेऊन या आणि तक्त्यावरची रेघ ताईंकडून त्यांनाच दाखवून घ्या. गरोदरपणी जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, अंडं उष्ण पडेल, मुहूर्त लागेपर्यंत उष्टावण नको, हे सगळं मायेपोटीच येतं. पण सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न थांबवू नये. उष्टावणाचा कार्यक्रम सवडीने करा, भरवणं वेळेवर सुरू करा. शिवाय आई कामावर गेल्यावर घरी भरवणारी आजीच असते. ती पटली की निम्मं काम झालं.

मुलगा खातो भरपूर, पण अंगी लागत नाही. असं का?

वारंवार जुलाब होतात का ते पाहा. नळाला एक दिवसाआड पाणी, साठवलेल्या हंड्यात तोच तांब्या, उघड्यावर शौच, अंगणात कोंबड्या आणि त्याच मातीत रांगणारं बाळ. प्रत्येक जुलाबात थोडं वजन जातं, भूक मरते, ते भरून निघायच्या आत पुढचा जुलाब. जुलाबात ओआरएस, चौदा दिवस झिंक, आणि खाणं-पाजणं अजिबात बंद करू नका. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर काठच्या गावांत घरातलं धान्य भिजलं, विहिरी गढूळ झाल्या, मजुरी बुडाली. छावणीत भात-आमटी मिळते, पण आठ महिन्यांच्या बाळासाठी वेगळं काही शिजत नाही. मदतीचे किट भरताना मोठ्यांच्या बिस्किटांऐवजी मूगडाळ-तांदळाची पिशवी घालावी.

भरपूर म्हणजे काय खातो तेही विचारा. पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा आणि चहा-खारी याने भूक मारली जाते. कामावर जाणारी आई रडणाऱ्या मुलाच्या हातात पाचाचं नाणं ठेवते, कारण तिच्याकडे द्यायला तेवढंच असतं. तिला दोष देण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

घरात आहे त्यातच काय करता येईल?

डाळीचं वरचं पाणी देऊ नका, त्यात काही नसतं. खालची घट्ट डाळ घ्या, त्यात ताजी भाकरी बोटांनी पार मऊ होईपर्यंत कुस्करा, चमचाभर तेल किंवा तूप घाला आणि बारीक केलेला शेंगदाण्याचा कूट. वाटीत कालवलेलं चमच्यावरून ओघळायला नको, इतकं घट्ट असावं. लहान पोटात मावेल तेवढ्यात ताकद जायला हवी. हुलग्याचं माडगं, नाचणीचं सत्त्व, अंडं, मेथी-पालक, केळं, जे असेल ते आलटून पालटून. बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं.

आमचं मूल सॅम निघालं. आता?

घाबरू नका आणि लपवूही नका. भूक चांगली असेल, दुसरा आजार नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार आणि औषधं मिळतात. भूक नसेल, ताप-जुलाब किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावं लागतं. उपचार मोफत, आणि सोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरीपोटी काही रक्कम मिळते. न्यायला १०२ किंवा १०८ ला फोन करा. घरी मागे राहिलेल्या मुलांचं आणि जनावरांचं कोण बघणार, या एका कारणाने कित्येक आया तिसऱ्या दिवशी परत येतात. जाऊबाई, शेजारीण, बचत गट यांनी तेवढे दिवस उचलून धरले तर मूल पूर्ण उपचार घेऊन येतं.

ग्रामपंचायत आणि कारखाना काय करू शकतात?

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शिलाई मशीन आणि खुर्च्याच घेतल्या पाहिजेत असं नाही. दंडघेर पट्ट्या, नीट चालणारा वजनकाटा, अंगणवाडीला पाण्याचा नळ, हंगामापुरती मुलं सांभाळणारी गावातली एखादी बाई, यावर तो पैसा जास्त कामी येतो. केंद्राच्या पाळणाघर योजनेचीही चौकशी तालुक्याच्या एकात्मिक बालविकास कार्यालयात करावी.

कारखान्याकडे टोळ्यांची यादी असते: कोणती टोळी, कोणत्या गटात, किती कोयते. त्या यादीत सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका असे दोन रकाने वाढवा आणि दर पंधरवड्याला ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकेला पाठवा. ऊस तोडायला टोळी दुसऱ्या गटात हलली की शेतकी मदतनीसाला ते त्याच दिवशी कळतं. ताईंनाही त्याच दिवशी एक फोन करावा.